तीव्र ॲलर्जीचा झटका : पहिल्या काही मिनिटांतील उपचार

एखादे औषध, अन्नपदार्थ, लस किंवा कीटकाचा दंश यांमुळे शरीरात अचानक उद्भवणारी आणि काही मिनिटांत जीवावर बेतू शकणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया वैद्यकशास्त्रात 'ॲनाफिलॅक्सिस' या नावाने ओळखली जाते. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. उपचार लांबल्यास मात्र श्वासमार्ग बंद होऊन किंवा रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो.

या स्थितीवरील पहिले आणि मुख्य औषध ॲड्रेनलिन हे आहे. ते शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात असून स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तसेच भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. तरीही ते उशिरा दिले जाते, कमी मात्रेत दिले जाते किंवा दिलेच जात नाही, हा जगभरातील तज्ज्ञांचा अनुभव आहे. त्याऐवजी ॲलर्जीच्या गोळ्या व स्टिरॉइडची इंजेक्शने यांवर भर दिला जातो. प्राण वाचवणे हे त्या औषधांचे काम नव्हे.

शरीरात काय घडते

शरीराची प्रतिकारशक्ती काही वेळा निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचा, श्वसनमार्ग, आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती असणाऱ्या 'मास्ट' पेशींना चिकटून राहतात. तोच पदार्थ पुन्हा शरीरात गेला की या पेशींतून हिस्टामाइन, ट्रिप्टेज, ल्युकोट्राइन आदी रसायने एकाच वेळी बाहेर पडतात. आयजीईशिवाय अन्य मार्गांनीही या पेशी उद्दीपित होऊ शकतात. रुग्णाची लक्षणे आणि तातडीचे उपचार मात्र दोन्हींत सारखेच असतात.

या रसायनांमुळे रक्तवाहिन्या सैल पडून रुंदावतात आणि त्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपू लागतो. गंभीर झटक्यात १० मिनिटांच्या आत रक्तवाहिन्यांतील सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत द्रव ऊतींमध्ये जाऊ शकतो. जखम नसताना आणि रक्ताचा थेंबही न सांडता रुग्ण मोठ्या रक्तस्रावासारख्या अवस्थेत जातो, तो यामुळे. त्याच वेळी श्वासनलिका आकुंचन पावतात आणि घशाला सूज येते.

या प्रतिक्रियेचे नाव फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये यांनी दिले. मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट यांच्या नौकेवरील १९०१ च्या सागरी मोहिमेत त्यांनी समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पुढे फ्रान्समध्ये कुत्र्यांवर प्रयोग करताना, विषाची पहिली मात्रा पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अल्प मात्रेने काही मिनिटांतच दगावल्याचे त्यांना आढळले. संरक्षण मिळण्याऐवजी उलटच घडल्याने त्यांनी १९०२ मध्ये 'संरक्षणाच्या विरुद्ध' या अर्थी ग्रीक धातूंवरून हा शब्द घडवला. या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांना यश आले, तेही याच सुमारास.

प्रमुख कारणे

प्रौढांमध्ये औषधे आणि कीटकदंश, तर लहान मुलांमध्ये अन्नपदार्थ हे सर्वसाधारणपणे मोठे कारण असते. औषधांत पेनिसिलिन व त्या गटातील अन्य प्रतिजैविके, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारी औषधे आणि तपासणीपूर्वी शिरेतून दिली जाणारी रंजकद्रव्ये यांचा समावेश होतो. अन्नपदार्थांत कोळंबी, खेकडे, मासे, शेंगदाणे, काजू व अक्रोडासारखी कवचफळे, दूध, अंडी, गहू आणि तीळ यांची नोंद प्रामुख्याने होते. काही व्यक्तींना विशिष्ट पदार्थ एरवी चालतो. मात्र तो खाऊन लगेच व्यायाम केल्यास किंवा सोबत वेदनाशामक गोळी घेतल्यास झटका येतो.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांचे दंश हे ग्रामीण व डोंगराळ भागातील महत्त्वाचे कारण आहे. आग्या मोहोळ उठल्यावर शेकडो दंश झाल्यास विषाच्या एकूण मात्रेमुळेही माणूस दगावू शकतो; मात्र ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला एकच दंश पुरेसा ठरतो. मधमाशीचा काटा त्वचेत रुतून राहिल्यास तो कोणत्याही पद्धतीने, पण तत्काळ काढावा. कारण विषाची पिशवी त्याला जोडलेली असते आणि विष पुढेही उतरत राहते.

ओळखावे कसे

लक्षणे बहुधा काही मिनिटांत, तर काही वेळा एक-दोन तासांत दिसतात. अंगभर खाज सुटणे, गांधी उठणे, त्वचा लालबुंद होणे, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे ही त्वचेवरील लक्षणे. घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज घोगरा होणे, सतत खोकला, धाप, छातीतून शिटीसारखा आवाज येणे ही श्वसनाची लक्षणे. डोळ्यांपुढे अंधारी, घेरी, नाडी जलद व क्षीण होणे, शुद्ध हरपणे ही रक्ताभिसरणाची, तर पोटात तीव्र कळा व वारंवार उलट्या ही पचनमार्गाची लक्षणे होत.

जागतिक ॲलर्जी संघटनेने २०२० मध्ये निदानाचे निकष सोपे केले. त्यानुसार अचानक उद्भवलेल्या त्वचेच्या लक्षणांसोबत श्वसन, रक्ताभिसरण किंवा तीव्र स्वरूपाची पचनमार्गाची लक्षणे यांपैकी एक जरी असेल, तरी ॲनाफिलॅक्सिस गृहीत धरावा. ज्ञात किंवा संभाव्य ॲलर्जीकारक पदार्थाचा संपर्क झाल्यावर रक्तदाब एकाएकी कोसळला, श्वासनलिका आकुंचन पावल्या किंवा घशाला सूज आली, तर त्वचेवर एकही खूण नसली तरी तसेच समजावे. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत त्वचेवर काहीही दिसत नाही. 'अंगावर पित्त उठले नाही, म्हणजे ॲलर्जी नाही' हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

याच्या उलट, केवळ अंगावर पित्त उठले आणि बाकी काही त्रास नसेल, तर तो ॲनाफिलॅक्सिस नव्हे. अशा वेळी ॲलर्जीची गोळी पुरते. अनेक घरांत कोकमाचे आगळही लावले जाते. मात्र श्वास, आवाज, शुद्ध किंवा नाडी यांत बदल दिसू लागताच घरगुती उपायांची वेळ संपते.

इंजेक्शन किंवा लस घेतल्यावर भीतीने येणारी भोवळ ही नेहमीची शंका असते. भोवळ येते तेव्हा चेहरा पांढुरका पडतो, नाडी मंदावते आणि रुग्णाला आडवे करताच त्याला बरे वाटू लागते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा जलद चालते, खाज, सूज किंवा धाप असू शकते आणि आडवे करूनही स्थिती सुधारत नाही. संशय कायम असल्यास ॲड्रेनलिन द्यावे, असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. योग्य मात्रेत स्नायूत दिलेल्या ॲड्रेनलिनचा धोका अत्यल्प असतो, विलंबाचा धोका मोठा असतो.

ॲड्रेनलिन : मात्रा, जागा, वेळ

ॲड्रेनलिन एकाच वेळी अनेक बिघाडांवर काम करते. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळून ते रक्तदाब वाढवते व सूज कमी करते, हृदयाचे आकुंचन सबळ करते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींतून होणारा रसायनांचा स्रावही रोखते. अन्य कोणतेही एक औषध ही सर्व कामे करत नाही.

मात्रा शरीराच्या वजनानुसार ठरते. दर किलोग्रॅमला ०.०१ मिलिग्रॅम हे प्रमाण असून प्रौढांत एका वेळी कमाल ०.५ मिलिग्रॅम, तर लहान मुलांत सामान्यतः कमाल ०.३ मिलिग्रॅम दिले जाते. भारतात मिळणाऱ्या १ मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन असते. त्यामुळे प्रौढासाठी अर्धी कुपी, २० किलो वजनाच्या मुलासाठी ०.२ मिलिलिटर आणि १० किलोच्या बालकासाठी ०.१ मिलिलिटर असा हिशोब होतो.

इंजेक्शन मांडीच्या मध्यभागी, बाहेरील बाजूस, स्नायूत द्यावे. गरज पडल्यास कपड्यावरूनही देता येते. दंडात किंवा त्वचेखाली दिलेले औषध तितक्या वेगाने रक्तात पोहोचत नाही. मुलांवरील १९९८ च्या एका अभ्यासात, मांडीच्या स्नायूत दिल्यावर औषधाची रक्तातील पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखरावर गेली. त्वचेखाली दिल्यावर त्यासाठी सरासरी ३४ मिनिटे लागली. सुधारणा न झाल्यास दर ५ ते १५ मिनिटांनी मात्रा पुन्हा देता येते. दोन मात्रांनंतरही प्रकृती सावरली नाही, तर अतिदक्षता विभागात शिरेतून, नियंत्रित वेगाने ॲड्रेनलिन देण्याची तयारी करावी लागते.

कुपीतील तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत देणे मात्र घातक ठरू शकते. त्यामुळे हृदयाची लय बिघडून मृत्यू संभवतो. 'एकास हजार' आणि 'एकास दहा हजार' अशा प्रमाणांतून होणारा गोंधळ टाळण्यासाठी अमेरिकेने २०१६ मध्ये वेष्टनावरील ही पद्धत बंद करून फक्त मिलिग्रॅममध्ये नोंद करणे आवश्यक केले. स्नायूतील योग्य मात्रेनंतर हात थरथरणे, धडधड, डोकेदुखी, अस्वस्थता जाणवते. ती थोड्याच वेळात ओसरते. प्राणावर बेतलेल्या झटक्यात वय, गर्भारपण किंवा हृदयविकार या कारणांनी ॲड्रेनलिन नाकारू नये, असे तज्ज्ञांचे मत आहे.

वेळेचे महत्त्व ब्रिटनमधील मृत्यूंच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार श्वसन किंवा हृदयक्रिया बंद पडण्यास लागलेला मध्यक कालावधी अन्नपदार्थांच्या बाबतीत ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे, तर रुग्णालयात दिलेल्या औषधांच्या बाबतीत केवळ ५ मिनिटे होता. दूरच्या रुग्णालयात पोहोचल्यावर उपचार सुरू करण्याइतका अवधी अनेकदा नसतो.

सोबतचे उपाय

रुग्णाला सपाट झोपवून पाय उंच करावेत. धाप जास्त असल्यास पाय पसरून बसू द्यावे. गर्भवतीला डाव्या कुशीवर, तर बेशुद्ध किंवा उलट्या होत असलेल्या रुग्णाला एका कुशीवर ठेवावे. त्याला एकाएकी उभे करू नये, चालवत नेऊ नये. पाय खाली येताच हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. अशा अवस्थेत उठून बसताच किंवा उभे राहताच मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दुचाकीवर मध्ये बसवून रुग्णालय गाठणे म्हणूनच धोक्याचे आहे. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधून रुग्णवाहिका बोलवावी. शिरेतून औषध चालू असताना झटका आल्यास ते त्याच क्षणी थांबवावे.

रुग्णालयात प्राणवायू आणि शिरेतून सलाइन दिले जाते. प्रौढांत सुरुवातीला ५०० मिलिलिटर ते १ लिटर आणि गरजेनुसार त्याहून अधिक. श्वासनलिका आकुंचन पावलेल्या असल्यास साल्ब्युटामॉलची वाफ उपयुक्त असते, पण ॲड्रेनलिनच्या जोडीने. रक्तदाबासाठी 'बीटा ब्लॉकर' गटातील गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत ॲड्रेनलिनचा परिणाम कमी पडू शकतो. तेथे ग्लुकॅगॉन वापरले जाते. हृदयक्रिया बंद पडल्यास छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवनाचे प्रयत्न तत्काळ सुरू करावे लागतात.

ॲलर्जीची गोळी आणि स्टिरॉइड

फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन यांसारखी हिस्टामाइनविरोधी औषधे खाज व गांधी कमी करतात. घशाची सूज, श्वासनलिकांचे आकुंचन किंवा कोसळलेला रक्तदाब यांवर ती परिणामकारक नाहीत. जुन्या पिढीतील औषधांमुळे गुंगी येते आणि शुद्ध कमी होत आहे ती झटक्यामुळे की औषधामुळे, हे कळेनासे होते. हायड्रोकॉर्टिझोन आणि डेक्सामेथासोन यांचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ब्रिटनच्या पुनरुज्जीवन परिषदेने २०२१ मध्ये हिस्टामाइनविरोधी औषधे प्राथमिक उपचारांतून वगळली आणि स्टिरॉइडचा सरसकट वापरही थांबवण्यास सांगितले.

सर्पदंशाच्या उपचारात हा फरक ठळकपणे दिसला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरील भारतीय प्रतिसर्पविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. मुंबईची हाफकिन संस्था अशा लसनिर्मितीसाठी महाराष्ट्राला परिचित आहे. परक्या प्राण्याची प्रथिने असल्याने हे औषध देताना तीव्र प्रतिक्रिया येण्याचा संभव बराच असतो. श्रीलंकेत १,००७ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिसर्पविषापूर्वी ॲड्रेनलिनची अल्प मात्रा त्वचेखाली दिल्यावर पहिल्या तासातील गंभीर प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिझोन आणि प्रोमेथाझिन यांचा असा लाभ आढळला नाही. ही चाचणी प्रतिबंधाची होती. प्रत्यक्ष झटका आल्यास औषध स्नायूतच द्यायचे असते आणि झटका आवरल्यावर प्रतिसर्पविष पुन्हा सुरू करता येते.

भारतातील स्थिती

पाश्चात्त्य देशांत ॲलर्जीचे रुग्ण ठरावीक मात्रा भरलेले, मांडीवर दाबताच औषध सोडणारे स्वयं-इंजेक्टर जवळ बाळगतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकात फवारण्याच्या ॲड्रेनलिनलाही मान्यता दिली. भारतात स्वयं-इंजेक्टर सहज मिळत नाहीत आणि परदेशातून मागवलेले सामान्य कुटुंबाला परवडणारे नसतात. त्यामुळे काही डॉक्टर धोक्यातील रुग्णांच्या कुटुंबीयांना कुपी व सिरिंज देऊन इंजेक्शन भरण्याचे प्रशिक्षण देतात. या पर्यायाला मर्यादा आहेत. कॅनडात २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात बालकाची मात्रा कुपीतून भरायला पालकांना सरासरी १४२ सेकंद लागले, तर आपत्कालीन विभागातील परिचारिकांना २९ सेकंद. शिवाय पालकांनी भरलेल्या मात्रांत मोठी तफावत होती. म्हणून हा सराव डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वारंवार व्हावा लागतो.

सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत या संदर्भात महत्त्वाचा निर्णय लसीकरण कार्यक्रमात झाला. लसीनंतर ॲनाफिलॅक्सिसचा संशय आल्यास आरोग्यसेविकेने डॉक्टरांची वाट न पाहता ॲड्रेनलिनची एक मात्रा स्नायूत देऊन रुग्णाला पुढे पाठवावे, अशी तरतूद केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यासाठीच्या संचात कुपी, सिरिंज, एक इंच लांबीची सुई आणि वयानुसार मात्रेचा तक्ता असतो. सुईची लांबी येथे महत्त्वाची, कारण इन्सुलिनची आखूड सुई प्रौढाच्या मांडीत स्नायूपर्यंत पोहोचत नाही. ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ०.५ मिलिलिटर म्हणजे २० युनिट; १०० युनिटच्या सिरिंजवर तीच मात्रा ५० युनिट होते. म्हणून सिरिंज कोणती, हे आधी पाहावे लागते.

कोविड लसीकरणात प्रत्येकाला ३० मिनिटे केंद्रावर थांबवले जात असे, तेही याच कारणासाठी. लसीकरणानंतरच्या विपरीत घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या जून २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालात, तपासलेल्या ३१ गंभीर घटनांपैकी एक मृत्यू लसीनंतरच्या ॲनाफिलॅक्सिसमुळे झाल्याचे म्हटले होते. तोवर देशात कोट्यवधी मात्रा दिल्या गेल्या होत्या. धोका अत्यंत दुर्मीळ असला, तरी तयारी प्रत्येक केंद्रावर का लागते, हे यातून दिसते.

प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापूर्वी त्वचेत अल्प मात्रा टोचून पाहण्याची पद्धत देशात रूढ आहे. ही चाचणी निर्धोक आली, तरी झटका येणारच नाही याची हमी मिळत नाही, आणि चाचणीच्या थेंबानेही क्वचित झटका येऊ शकतो. त्यामुळे इंजेक्शन दिले जाते अशा प्रत्येक दवाखान्यात ॲड्रेनलिन हाताशी असणे ही खरी खबरदारी होय. कुपी प्रकाश व उष्णतेपासून दूर ठेवावी, मुदत नियमित तपासावी आणि द्रावण तपकिरी किंवा गुलाबी झाले असल्यास ते वापरू नये.

अन्नपदार्थांबाबत, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टन नियमांनुसार ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर बंधनकारक आहे. सुटी मिठाई, खानावळ आणि लग्नाची पंगत येथे मात्र विचारून घेण्यावाचून पर्याय नाही.

झटका ओसरल्यानंतर

बरे वाटू लागले म्हणून लगेच घरी जाणे योग्य नाही. काही रुग्णांत पहिला झटका ओसरल्यावर, पदार्थाचा नव्याने संपर्क न होताही लक्षणे परततात. हे बहुधा काही तासांत घडते, क्वचित ७२ तासांपर्यंतही. त्यामुळे झटक्याची तीव्रता, दिलेल्या मात्रांची संख्या, दम्याचा इतिहास आणि रुग्णालयापासून घराचे अंतर पाहून काही तासांपासून १२ तास किंवा अधिक काळ देखरेख ठेवली जाते. दमा नियंत्रणात नसलेल्या रुग्णांत जीवघेण्या झटक्याचा धोका अधिक असतो.

निदानाची खात्री करण्यासाठी रक्तातील ट्रिप्टेजची पातळी मोजता येते. त्यासाठीचा नमुना लक्षणे सुरू झाल्यापासून शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा चार तासांत घ्यावा आणि बरे झाल्यावर तुलनेसाठी दुसरा. उपचार मात्र तपासणीसाठी थांबवू नयेत. पुढे ॲलर्जीतज्ज्ञाकडून नेमके कारण शोधावे लागते. मधमाशी व गांधीलमाशीच्या विषाबाबत, वाढत्या मात्रा देऊन सहनशक्ती निर्माण करण्याची उपचारपद्धती परिणामकारक ठरली आहे.

ज्या औषधामुळे झटका आला, त्याचे मूळ नाव रुग्णाच्या केसपेपरवर ठळक लिहिलेले असावे आणि तीच नोंद असलेले कार्ड रुग्णाने कायम जवळ ठेवावे. बाजारात एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जाते. 'त्या पांढऱ्या गोळीने त्रास झाला होता' एवढ्या माहितीवर दुसऱ्या डॉक्टरांना ते टाळता येत नाही. शाळा, वसतिगृह, कामाची जागा आणि सहप्रवासी यांनाही ॲलर्जीची कल्पना आधी दिलेली असावी, कारण झटका आल्यावर रुग्णाला स्वतः बोलता येईलच असे नाही.